पुण्यातल्या छोट्या क्लबात इंडी रॉक ऐकताना: सात मात्रांचं ते गाणं

तत्कार (धागाकर्ती)

परवा शनिवारी मुंढव्याच्या बाजूला एका क्लबात कार्यक्रम ऐकला. तेव्हापासून डोक्यात एकच गाणं फिरतंय, आणि ते मुख्य बँडचं नाही. ज्यांना ताल कळतो अशी बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

मुख्य बँड बंगळुरूचा, चौघांचा. त्यांच्या आधी पुण्याच्याच तीन मुलांचा बँड अर्धा तास वाजवणार होता. दोन्ही बँडची आणि क्लबची नावं लिहीत नाही, कारण खाली ज्या गृहस्थांबद्दल लिहिणार आहे त्यांना मी विचारलेलं नाही. कुणाला ओळखू आलंच तरी कृपया इथे नावं टाकू नका.

नळस्टॉपहून मेट्रोनं कल्याणीनगरला उतरले, पुढे रिक्षा. आठला पाच मिनिटं कमी असताना आत गेले, मनगटावर शिक्का मारून घेतला. आत अकरा माणसं होती. एका नजरेत मोजून झाली. खोली लांबट, छत बुटकं, मंच जेमतेम गुडघ्याएवढा उंच. गिटारचा अँप जमिनीवर, मागे विटेचा टेकू देऊन तिरका केलेला, म्हणजे आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांऐवजी कानाकडे जाईल. ड्रमर आपल्या हातानं सतरंजी अंथरत होता. पाय मारताना किक ड्रम पुढे सरकत जातो, म्हणून खाली काहीतरी लागतं. बहुतेक जण गालिच्याचा तुकडा आणतात. ही मात्र घरातली, निळ्या-लाल पट्ट्यांची, एका कडेला शिवलेली सतरंजी होती.

पहिली दोन गाणी चांगली होती. गिटारच्या प्रत्येक सुरामागे त्याचाच प्रतिध्वनी येत राहायचा, त्यावर मुलीचा आवाज, शब्द इंग्रजी. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र ती मराठीत बोलत होती. तिसऱ्याच्या आधी म्हणाली, "हे नवीन आहे. अजून नाव नाही ठेवलेलं."

गिटारवर दोनच सूर, आलटून पालटून. मग ड्रम आला. मी नऊ वर्षं कथक शिकलेय, त्यामुळे ठेका सुरू झाला की टाच आपोआप चालते. चार मोजले, बसेनात. सहा मोजले, तेही नाहीत. सात मोजल्यावर बसलं. पण पहिली मात्रा कुठली ते सापडेना. जिथे धरावी तिथून दोन आवर्तनांनी, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांनी, गाणंच निसटल्यासारखं व्हायचं. समोर तिघा-चौघांनी टाळ्या धरल्या होत्या, त्यांचंही तेच झालं आणि त्यांनी सोडून दिलं.

माझ्या शेजारी खांबाला टेकून एक साठीच्या पुढचे काका उभे होते. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खांद्याला रिकामी कापडी पिशवी. डावा तळहात पुढे धरून त्यावर ते उजव्या हातानं ताल देत होते. हात उलटा करून खाली, मग दोन मात्रा बोटांवर, मग टाळी, एक मात्रा सोडून पुन्हा टाळी. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे झुकून म्हणाले, "किकवर जाऊ नका. सम खाली आहे."

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि खाली म्हणजे जिथे वजन पडत नाही ती जागा. तिथून पुढे गाणं उलगडलं. एवढ्या छोट्या खोलीत किक छातीच्या मध्यभागी लागते, म्हणून आपण तिलाच सुरुवात समजतो. पण हा मुलगा पहिल्या मात्रेवर फक्त हाय-हॅटची, म्हणजे पायानं मिटणारी, जोडझांज हलकेच मिटवत होता. किक पडत होती चौथीवर आणि सहावीवर. म्हणजे झोका वर गेला की क्षणभर थांबतो ना, तो क्षण दर सात मात्रांनी येत होता, आणि त्याच पोकळीत ती मुलगी प्रत्येक ओळ सुरू करत होती. मी रूपकात, म्हणजे आपल्या सात मात्रांच्या तालात, परण (पखवाजाच्या बोलांची रचना) नाचलेय, समेवर खाली असते हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय. पण ती पोकळी अंगाला कळली ती परवा, एका रॉक बँडपुढे.

गाणं संपल्यावर विचारलं, "तुम्ही तबला वाजवता?" ते म्हणाले, "घरात आहे तबला. तो ड्रमवर बसलाय तो माझा मुलगा."

मुलांचं वाजवून झालं. काका मंचापाशी गेले, मुलाबरोबर दोन टोकं धरून सतरंजीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि निघाले. तोवर दारातून गर्दी आत येत होती, शंभराच्या वर माणसं असतील.

मुख्य बँड तयारीचा होता. वाजवण्यात कुठेही सैलपणा नव्हता, दोन गिटारी एकमेकींच्या मधल्या जागा नेमक्या भरत होत्या. पण त्यांच्या एका अगदी हळू गाण्यात मागच्या बारपाशी इतक्या जोरात गप्पा चालल्या होत्या की मला शब्द ऐकू आले नाहीत. त्याचा मला राग आला आणि अजून आहे.

तर प्रश्न असा. त्या मुलाचं ते सात म्हणजे खरंच रूपक का? की मला आणि काकांना ते तसं ऐकायचं होतं म्हणून तसं ऐकू आलं?

पेठकर

फार सुंदर लिहिलंय. सतरंजीपाशी दोन मिनिटं थांबलो.

मी सवाईचा श्रोता. १९५३ साली सुरू झालेला तो महोत्सव पुढे रात्र-रात्र चालायचा, रमणबागेत पहाटेचे राग ऐकलेल्या पिढीतला मी. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाचं बंधन आलं आणि ते सुख गेलं. तुमचे क्लब बंदिस्त असल्यामुळे दहानंतरही चालू राहतात, याचा थोडा हेवा वाटतो.

एक अडाणी प्रश्न. हे इंडी म्हणजे नक्की काय? इंडियनचं छोटं रूप का?

बासवाला

पेठकरकाका, प्रश्न अडाणी अजिबात नाही. इंडी म्हणजे इंडिपेन्डन्ट, स्वतंत्र. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुरुवातीला छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डची वेगळी विक्री-यादी छापायला लागले, तिथून तो शब्द रुळला. म्हणजे मुळात शब्द व्यवहाराचा आहे, रेकॉर्ड कुणी काढली एवढंच तो सांगतो. 'द स्मिथ्स' हा मँचेस्टरचा बँड रफ ट्रेड नावाच्या अशाच छोट्या कंपनीकडे होता. पुढे त्या बँडचा जो एकूण आवाज होता, खणखणीत गिटार, मनातलं बोलल्यासारखं गाणं, त्यालाच लोक इंडी म्हणू लागले. आपल्याकडे अर्थ साधा आहे: सिनेमासाठी नाही, स्वतःची गाणी, स्वतःच्या खर्चानं.

आपल्याकडचीही थोडी वंशावळ सांगतो. मुंबईत 'इंडिपेन्डन्स रॉक' हे रॉक बँडांचं संमेलन १९८६ साली सुरू झालं, रंगभवनात व्हायचं. दिल्लीचा 'इंडियन ओशन' १९९० चा, त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला आणि कॉलेजच्या खोल्या-खोल्यांत पोचला. पुण्याचा 'अग्नी' तुम्ही ऐकला असेल. पुण्याचाच 'ईझी वाँडरलिंग्ज' न ऐकलेल्यांनी आज रात्री ऐकावा, त्यांच्या २०१७ च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करावी. आणि एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० साली पहिल्यांदा झाला तो आपल्या पुण्यातच. मी तिथे होतो, वय वर्षं एकोणीस, आणि घरी येऊन बास गिटार घ्यायची ठरवली.

पण मैदानात ऐकणं वेगळं आणि अशा खोलीत ऐकणं वेगळं. मैदानात सगळं स्पीकरमधून येतं, म्हणून सगळं एकमेकांशी जुळवता येतं. खोलीत ड्रमचा आणि अँपचा आवाज थेट येतो, फक्त गाणाऱ्याचा आवाज स्पीकरवर अवलंबून असतो. त्यामुळे अगदी पुढे उभं राहिलं की गिटारच गिटार आणि शब्द गायब. कोपऱ्यात आणि भिंतीला लागून उभं राहिलं की खालचे सूर साचतात, बास नुसती घुमते. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ध्वनी सांभाळणारा माणूस बसतो त्याच्या शेजारी किंवा थोडी पुढे. तो त्याच्या कानाला जमेल तसंच सगळं जुळवत असतो! तत्कार, तो खांब मिक्सरच्या जवळ होता का? मग काकांना हे ठाऊक असणार.

डग्गा

तत्कार, तुमचं लिखाण आवडलं, पण एक हरकत नोंदवतो. सात मात्रा म्हणजे रूपक नव्हे. मी बावीस वर्षं तबला वाजवतोय आणि हा घोळ फार वेळा ऐकलाय. पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे १९७३ चं गाणं मुख्यतः सातातच आहे, म्हणून ते रूपकात आहे असं कुणी म्हणणार नाही. रॉकमधला सात बहुधा चार आणि तीन असा तुटतो आणि पहिल्या मात्रेवर सगळं वजन असतं. रूपकाचा ठेका ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याची, आस (घुमारा) नाही, ती येते चौथीवर आणि सहावीवर. ती गेली तर रूपक गेला.

तुम्ही म्हणता किक चौथीवर आणि सहावीवर होती. पण तुम्ही ते काकांनी सांगितल्यावर ऐकलंत. ते वडील आहेत, त्यांना मुलाच्या वाजवण्यात घरचा ताल दिसणारच. त्या अकरा जणांतल्या कुणी किक पहिली धरून मोजलं तर? दोन, दोन, तीन. तेही सातच, आणि पूर्ण पाश्चात्त्य.

तत्कार

डग्गा, हरकत रास्त आहे, मलाही रात्री झोपताना हीच शंका आली. काकांनी सांगण्याआधी मला पहिली सापडत नव्हती हे खरं. पण किकपासून मोजायचा प्रयत्न मी आधीच केला होता आणि तसं ते टिकत नव्हतं. का टिकत नव्हतं हे मला सांगता येत नाहीये.

@बासवाला, हो! मिक्सर खांबाच्या उजवीकडे तीन-चार हातांवर होता.

बासवाला

का टिकत नव्हतं ते मी सांगायचा प्रयत्न करतो. आमच्याकडे पहिली मात्रा एकटा ड्रम ठरवत नाही. दोन गोष्टी बघायच्या: कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) कुठे बदलतो आणि गाण्याची ओळ कुठे सुरू होते किंवा विसावते. या दोन्ही गोष्टी एका मात्रेवर येत असतील आणि किक तिथे गप्प असेल, तर पहिली तीच. किकपासून मोजणाऱ्याला मग कॉर्ड दर वेळी पाचव्या मात्रेवर बदलताना दिसेल, आणि कान ते फार वेळ मान्य करत नाही.

डग्गा, तुमच्या भाषेत बोलायचं तर लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून, कुठून सुरू होतो ते बघा. लेहऱ्यावरून सम कळते, तबला तोवर काहीही करत असला तरी.

डग्गा

लेहऱ्याचा मुद्दा मान्य. तसं असेल तर ऐकायला हवं. रेकॉर्डिंग आहे का?

कानसेन

तालाची चर्चा वाचतेय, मजा येतेय. मध्येच एक कामाचं, कारण माझा व्यवसाय श्रवणतपासणीचा आहे आणि चोवीस-पंचवीस वर्षांची मुलं "मॅडम, कानात शिट्टी वाजते" म्हणत माझ्याकडे येतात.

कामाच्या जागेसाठी धरतात तो हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतील. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बुटक्या छताच्या खोलीत ड्रम आणि अँप असताना शंभर गाठायला काहीच लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक दिलं त्यात सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे, आणि त्याबरोबर श्रोत्यांसाठी इअरप्लग आणि शांत बसायची वेगळी जागा असावी असंही सांगितलंय.

तेव्हा प्लग न्या. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे चालतात, पण ते वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे झांजा आणि शब्द अस्पष्ट होतात. संगीतासाठी फिल्टर असलेले मिळतात, ते सगळंच सारखं कमी करतात. तत्कार, तुम्हाला हाय-हॅट मिटताना ऐकू येत राहावी असं मनापासून वाटतं, म्हणून सांगतेय. कार्यक्रमानंतर कान भरल्यासारखे वाटले किंवा शिट्टी ऐकू आली तर ती सूचना समजा. दोन दिवसांत गेली नाही तर तपासून घ्या.

नवखा_२०

मी वीस वर्षांचा आहे. मला आत सोडतील का?

बासवाला

@नवखा_२०, बऱ्याच ठिकाणी जिथे दारू मिळते तिथे २१ च्या खाली सोडत नाहीत. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ असा नियम आहे, त्यामुळे दारावर ओळखपत्र बघतात. तिकीट काढायच्या आधी वयाची अट वाच. कॉलेजांतले आणि कॅफेतले कार्यक्रम आहेतच, तिथे जा. आणि तिकीट ४९९ का असतं हा प्रश्न पडला असेल तर: ₹५०० पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के.

हडपसरची

मीही त्या शनिवारी होते, पण पावणेदहाला पोचले. म्हणजे तुमच्या त्या गाण्याला मी नव्हतेच. हे वाचून वाईट वाटलं. मी नेहमीच उशिरा जाते, 'पहिला बँड चुकला तर चुकला' असं म्हणत.

बारपाशी बोलणाऱ्यांत मी नव्हते, पण त्यांच्या शेजारी होते आणि काहीही बोलले नाही. घरी बैठक असती तर मी नक्की वळून बघितलं असतं. क्लबात गप्प बसायला सांगायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटलं. पैसे त्यांनीही भरलेले असतात. यावर इतरांना काय वाटतं?

पेठकर

@हडपसरची, पैसे भरले म्हणजे आपल्यापुरतं ऐकायचा हक्क मिळाला, शेजाऱ्याचं ऐकणं बुजवायचा नाही. सवाईतही खाण्याच्या स्टॉलपाशी गप्पा चालतात, पण तो भाग मांडवाच्या कडेला असतो. एका खोलीत दोन्ही असतील तर मालकानं गाणं हळू असताना बारवरची लगबग कमी करायला हवी. मिक्सर तेवढा एक चालू ठेवायचा थांबवला तरी फरक पडेल. (रसाचा मिक्सर म्हणतोय, तुमचा ध्वनीचा नव्हे.)

बासवाला

बँडच्या बाजूनं सांगतो. आम्ही एकदा आठ जणांपुढे वाजवलंय. त्यातले दोघे आमचेच मित्र. गर्दी कमी असली तर चालतं, समोर तोंड करून उभी असलेली चार माणसं पुरतात. पण पाठमोऱ्या साठ जणांपुढे हळू गाणं वाजवताना हात आपोआप जोरात पडायला लागतो, आणि ते गाणं बिघडतं. पुढच्या वेळी ते यादीतूनच काढलं जातं. आमचं एक असंच गेलं. कुणीही काढायचं ठरवलं नव्हतं.

हडपसरच्या ताई, वळून बघा. बिनधास्त बघा.

तत्कार

ते गाणं असं निघून गेलं हे वाचून फार वाईट वाटलं, बासवाला. कधी वाजवलंत तर कळवा, मी येईन.

आता रेकॉर्डिंग. माझ्या फोनवर त्या तिसऱ्या गाण्याची साडेतीन मिनिटं आहेत. बँडला विचारलं, इथे टाकू नका म्हणाले कारण गाणं अजून बाहेर आलेलं नाही, बरोबरच आहे. पण ऐकून लिहायला हरकत नाही म्हणाले. काल रात्री हेडफोन लावून कागद-पेन्सिल घेऊन बसले. डग्गांची शंका मनात ठेवून मुद्दाम आधी किकपासून मोजलं.

कॉर्ड खरोखर पाचव्या मात्रेवर बदलतो. प्रत्येक वेळी. मग बदलाची मात्रा पहिली धरली आणि खाली आडव्या चौकटी आखून सोळा आवर्तनं लिहून काढली. पहिलीवर हाय-हॅट मिटते, दुसरी-तिसरीवर काठी ड्रमच्या कडेवर, चौथीवर किक, पाचवीवर पुन्हा कड, सहावीवर किक, सातवीवर स्नेअर (समोरचा छोटा ड्रम) अगदी हळू. सोळाच्या सोळा आवर्तनांत पहिल्या तीन मात्रांवर किक एकदाही नाही. गाण्याची ओळ पहिलीवर सुरू होते, फक्त दोन ठिकाणी अर्धी मात्रा आधी उचललीय.

आणि एक गोष्ट मला तिथे उभं असताना कळलीच नव्हती. शेवटचं कडवं संपल्यावर गिटार मोठी होते, आणि तिथून आठ आवर्तनं किक पहिल्या मात्रेवर येते. भक्कम, सगळे एकत्र. रेकॉर्डिंगमध्ये बरोबर तिथेच टाळ्या सुरू होतात आणि शेवटपर्यंत टिकतात. त्याच जागी माझ्या फोनच्या अगदी जवळून, म्हणजे खांबापाशी, मघापासून तळहातावर वाजत असलेली टाळी थांबते. आठही आवर्तनं ते गप्प आहेत. मी तेव्हा मंचाकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही.

डग्गा

दोनदा वाचलं. पहिल्या तीन मात्रांवर एकदाही किक नाही आणि चौथी-सहावी पक्की, हे चुकून होत नाही. त्या मुलाला ठेका बोलून येतो. माझी हरकत मागे घेतो.

शेवटच्या आठ आवर्तनांबद्दल मात्र आत्ता बोलत नाही. समेवर वजन आणलं की तो रूपक राहत नाही, पण त्यानं तसं का केलं हे प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय सांगणार नाही.

पुढचा कार्यक्रम कधी आहे त्यांचा? मी धायरीहून येणार, परतीचं बघावं लागेल. दार किती वाजता उघडतं?

तत्कार

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, तिथेच. दार साडेसातला. परतताना मेट्रो मिळणार नाही, मी आणि हडपसरची रिक्षा करून निघू, कोथरूडपर्यंत चला आमच्याबरोबर. पावणेआठला खांबापाशी भेटू. काका तिथेच उभे राहतात असं मुलांनी सांगितलंय.

कानसेन

तुम्हा चौघांसाठी प्लग मी आणते.